मस्कतहून आलेला ग्राइंडर

पहिल्या सुट्टीला हे मस्कतहून घरी आले, तेव्हा बॅगेतून सगळ्यात आधी निघाला तो कॉफीचा ग्राइंडर. खजूर, आत्याबाईंची शाल, माझं अत्तर, सगळं खाली दबलेलं. वर कामावरच्या निळ्या डांगरीत तान्ह्या बाळासारखा गुंडाळलेला हा.

हे म्हणजे माझे मिस्टर. आधी चितेगावच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होते. तिथलं काम आटत गेलं, बरीच माणसं घरी बसली, आणि ओळखीतून मस्कतच्या एका वर्कशॉपमध्ये जागा निघाली. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि मी पडेगावच्या घरात राहिलो. मुलगी पुण्याला शिकते. मी औरंगपुऱ्यात चष्म्याच्या दुकानात आहे. काड्या घट्ट करायच्या, नाकावरच्या गाद्या बदलायच्या, फ्रेममध्ये काचा बसवायच्या.

तो ग्राइंडर त्यांना कसा मिळाला, ते त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. वर्कशॉपशेजारी एक कॅफे होता. तिथला मालक बिघडलेला ग्राइंडर फेकून द्यायला निघाला होता. ह्यांनी मागून घेतला, खोलीवर नेऊन खोलला, दुरुस्त केला. मग कॅफेवाल्याला दाखवायला गेले, तर तो म्हणाला, आता तुझाच झाला. त्याची पिन चौकोनी आणि जाडजूड, आपल्या सॉकेटात जाईना. ह्यांनी औरंगपुऱ्यातून अॅडॉप्टर आणला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ओट्यावर तो पहिल्यांदा सुरू झाला.

आत्याबाई देवापुढून उठून आल्या. "काय जळायलंय गं?"

"कॉफी आहे, आई," हे म्हणाले.

"चहा काय वाईट हाय?"

ह्यांनी नुसतं हसून कागदाच्या गाळणीत ती पूड ओतली आणि वरून गोल गोल फिरवत गरम पाणी सोडू लागले. मी ओट्याला टेकून बघत होते. चितेगावला असताना हा माणूस बशीत ओतून चहा प्यायचा. हे बिया निवडणं, वास घेणं, पाण्याची धार सांभाळणं कधी शिकले, कुणाबरोबर बसून शिकले, मला काहीच माहीत नव्हतं. संसाराला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याला एखादी सवय आपल्याशिवाय लागली, याचं वाईट वाटायला नको. मला वाटलं.

सुट्टी संपली, हे गेले. ग्राइंडर ओट्यावरच राहिला. त्यांच्या खोलीवर तो चालवायला जागा नव्हती, चौघांची खोली. महिनाभर मी त्याच्यावर नुसता फडका टाकून ठेवला. मग एका शुक्रवारी सकाळी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. शुक्रवारी त्यांना सुट्टी असते, मला नसते, त्यामुळं बोलणं माझी भाजी-पोळी चालू असतानाच व्हायचं.

"ग्राइंडर लावतेस का कधी?" त्यांनी विचारलं.

"कुणासाठी लावू? आत्याबाई पीत नाहीत."

"मला ऐकव ना जरा."

मी उरलेल्या बिया मूठभर घालून बटण दाबलं आणि फोन जवळ धरला. आधी बिया फुटल्याचा कडकड आवाज, मग घरघर, मग मोकळा फिरण्याचा आवाज. पडद्यावर हे डोळे मिटून बसलेले. मागं खोलीतल्या कुणाचा तरी टॉवेल वाळत होता.

"बारीक निघालीय," ते म्हणाले. "वरचं कडं एक घर मोकळं फिरव, जाड निघंल."

मी कॉफी बघितली. खरंच बारीक होती.

तेव्हापासून दर शुक्रवारी ते चालू झालं. मी बिया आणू लागले, दळू लागले आणि दूध घालून का होईना, पिऊ लागले. हे तिथं गरम पाण्यात बाटलीतली पावडर ढवळायचे. दोघं आपापला कप हातात धरून बोलायचो. आवडली म्हणून प्यायले असं नाही. ते सकाळी तोंडात जी चव घेऊन कामावर जातात, ती मला हवी होती.

यंत्र एकदम बिघडत नाही, असं हे सांगतात. आधी ते सांगत असतं, आपलं लक्ष नसतं. पावसाळ्यात कॉफी गोळे होऊन पडायला लागली. मग दळायला जास्त वेळ लागू लागला आणि कप कडू व्हायला लागला. मी समजले, बियाच वाईट लागल्या. आणि दिवाळीच्या आधी एका शुक्रवारी बटण दाबलं, तर आतून नुसतं हूंऽऽ. फिरेना.

"बंद कर!" हे फोनमधून ओरडले. "पिन काढ आधी. मोटर जळंल."

मी पिन ओढून काढली.

"मिठानं घासून काढ आतून," आत्याबाई म्हणाल्या. "नाय तर मूठभर तांदूळ फिरव. मिक्सरला फिरवतो तसं."

"आई, तांदूळ नको. कडक असतात, मोटरवर ताण येतो. पाणी तर लावूच नका, आत गंज धरंल." मग माझ्याकडं वळून, "खोलावं लागंल. जमंल का तुला?"

मी पर्समधून दुकानातला बारीक स्क्रू-ड्रायव्हरचा संच काढला. अर्धं आयुष्य मुंगीएवढे स्क्रू फिरवण्यात गेलंय. पण घरात कधी टेबलफॅनचं झाकणसुद्धा मी काढलं नव्हतं. ते त्यांचं काम होतं. हे नसताना ते तसंच पडून राहायचं, हे आले की करतील म्हणून.

फोन धरायचं काम आत्याबाईंकडं आलं. त्यांनी तो दोन्ही हातांनी आरतीच्या ताटासारखा धरला.

"आई, मला पंखा दिसतोय."

"मग खाली बघ की."

"फोन खाली कर, आई!"

वरचं बियांचं भांडं निघालं. त्याखाली कडं होतं, ते फिरवून वरची चकती उचलायची होती. दोन दातेरी चकत्या, एक वर, एक खाली, त्यांच्या फटीतून बी भरडली जाते. जातंच ते, फक्त मुठीएवढं. वरची चकती हलेना.

"जोर लावू नको. जरा उलटं घे, मग सुलटं. हां, तसंच."

ती सुटली. खाली काळा, तेलकट थर. पूड बाहेर पडायची नळी तर पार बुजलेली, पावसाळ्याची ओल आणि कॉफीचं तेल मिळून चिखल झालेला. मी जुन्या, कोरड्या टूथब्रशनं ते सुटं करू लागले. हे सांगत होते, डावीकडं, अजून आत, काडी घाल नळीत.

आणि त्याच सुरात ते म्हणाले, "दिवाळीला जमत नाय गं."

माझा ब्रश चालूच होता.

"दुसऱ्या दोघांना आधी सोडायलेत. माझी सुट्टी पुढं ढकलली. साहेब म्हणाला, उन्हाळ्यात जा."

आत्याबाईंचा हात खाली आला. फोनमध्ये ह्यांना आता फरशी दिसत असणार. दिवाळीसाठी मी पडदे धुवून ठेवले होते. हे आल्यावर दौलताबादच्या रस्त्यानं सकाळी फिरायला जायचं, असं मनात धरलं होतं. एवढ्या साध्या गोष्टी, की त्या बोलून दाखवायलासुद्धा लाज वाटावी.

"आता कुठला स्क्रू?" मी विचारलं.

"स्क्रू नाय. खालच्या चकतीच्या दातांत बघ, काय अडकलंय का."

अडकलं होतं. बियांच्याच रंगाचा एक खडा, दोन दातांच्या मध्ये रुतून बसलेला. मी दुकानातल्या चिमट्यानं तो धरला. दोनदा निसटला, तिसऱ्यांदा निघाला. फोनसमोर धरला तर हे लहान मुलासारखे खूश झाले. "बघ! यानंच धरून ठेवलं होतं."

तेवढ्यात तिकडचं नेट गेलं. पडद्यावर त्यांचं हसू थिजलं आणि मग कॉल तुटला.

मी चकती परत बसवली, भांडं लावलं, पिन घातली. ग्राइंडर फिरला, पण कॉफी जाडीभरडी पडली, काही दाणे तर अर्धे तसेच. फोन लागेना. मी परत सगळं खोललं. मला आठवलं, फ्रेमच्या खोबणीत धुळीचा कण राहिला तरी काच तिरपी बसते आणि गिऱ्हाईक म्हणतं, डोकं दुखतंय. चकतीच्या बैठकीखाली बोट फिरवलं, तर कॉफीची कणी लागली. ती पुसून चकती पुन्हा ठेवली, तर ती 'टक्' करून सपाट बसली. मग कडं हळूहळू घट्ट करत नेलं. दात एकमेकांना लागून बारीक चिर्र झालं, तिथून थोडं मागं घेतलं. हे सुट्टीत असंच करायचे, मी बघितलेलं होतं.

कॉफी एकसारखी पडली. मला आनंद झाला, अगदी खराखुरा. हातात पूड घेऊन आत्याबाईंना दाखवली. आणि मग एकाएकी जीव घाबरा झाला. आता हेही मला येतं. हे आल्यावर करतील म्हणून बाजूला ठेवलेल्या कामांतलं एक कमी झालं.

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं असावं. पदरानं ओटा पुसत त्या बोलू लागल्या. त्यांचं घर मेंढपाळाचं. सासरे तरुण होते तेव्हा कळप घेऊन महिनोन्महिने बाहेर असायचे.

"तवा फोन नव्हता, काय नव्हतं. कुठं हाय, कसा हाय, काय कळायचं नाय. पण यायचा तवा पायानं यायचा. आधी कुत्री भुंकायची, मग धूळ दिसायची, मग मेंढरं, मग तो. लांबूनच येताना दिसायचा. मला चूल पेटवायला, येणी-फणी करायला वेळ मिळायचा." त्यांनी पदर झटकला. "ह्याचं काय समजतच नाय. फोनमधी दर शुक्रवारी दिसतो, अन् येत तर नाय."

उन्हाळ्यात हे आले. मुंबईहून रेल्वेनं सकाळी उतरले आणि रिक्षातून दारात. चेहरा काळवंडलेला, कानाजवळचे केस पांढरे, फोनमध्ये एवढे पांढरे दिसत नव्हते. आंघोळ करून आले तोवर मी कॉफी दळली. कप हातात दिला. त्यांनी एक घोट घेतला आणि हात आपसूक ग्राइंडरच्या कड्याकडं गेला.

"तिला इचार आधी," आत्याबाई आतून म्हणाल्या. "तिनं लावून ठेवलंय ते."

हे हात मागं घेऊन हसले. "बरोबर लावलंय. चांगली झालीय."

त्या सुट्टीत दौलताबादच्या रस्त्यानं फिरायला आम्ही एकदाच गेलो, तेही ऊन लवकर चढलं म्हणून अर्ध्यातून परतलो. नातेवाईक येत राहिले. हे पाहुण्यासारखं विचारायचे, टॉवेल कुठला घेऊ, गॅसचं सिलिंडर कुणाला सांगतेस. मी सांगायचे. जवळ बसलेल्या माणसाचीही आठवण येते, हे मला तेव्हा कळलं. घरातले डबे, किल्ल्या, सवयी माझ्या हातानं जागा बदलून बसल्या होत्या, आणि हे जुन्या जागी हात घालायचे.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी ग्राइंडर खोलला. मीही शेजारी बसले. ते चकत्या पुसत होते, मी नळी. त्यांनी खालच्या चकतीच्या दातांवरून अंगठा फिरवला आणि मग माझा अंगठा धरून तिथं फिरवला.

"बघ. गुळगुळीत झालेत. धार गेली. दोन्ही चकत्या बदलाव्या लागतील. पुढच्या खेपेला आणतो."

"म्हणजे पुढची खेप आहेच?"

ते पुसत राहिले.

"इथं बघा ना काहीतरी," मी म्हणाले. "चितेगावला नवीन कंपन्या आल्यात म्हणतात."

"माझ्या वयाच्या माणसाला कोण घेतंय? तिथं मला इचारतात, माझ्याशिवाय अडतं. इथं गेटवर उभं राहून वॉचमनला नाव सांगायचं..." त्यांनी मान हलवली. "अजून थोडं. मग येतो."

मला रागवायचं होतं. पण तिथं आपल्यावाचून अडतं, हे सांगताना त्यांचा आवाज कसा झाला, ते मी ऐकलं होतं. एकसारखी पडलेली पूड आत्याबाईंना दाखवताना माझाही तसाच झाला होता.

"बरं," मी म्हणाले.

चकत्या त्यांनी पुढच्या खेपेची वाट न बघता, गावाकडं येणाऱ्या एका सोबत्याबरोबर पाठवल्या. मी त्या बसवल्या. नव्या दातांची कॉफी सुरुवातीला आंबट लागते, बेचव लागते. दात बसायला वेळ द्यावा लागतो, तोवर दळलेलं टाकून द्यायचं, असं त्यांनी सांगितलं होतं. मी टाकलं नाही. तशीच पीत राहिले.

मागच्या आठवड्यात मंगळवारी, भर दुपारी, दुकानात असताना त्यांचा फोन आला. हा माणूस कामाशिवाय, ठरल्या वाराशिवाय फोन करणाऱ्यातला नाही. माझ्या हातात एका गिऱ्हाइकाची फ्रेम होती, काडीचा स्क्रू अर्धा फिरवलेला.

"काय झालं?"

"काय नाय. असंच केला."

"बरं वाटत नाही का?"

"तसं काय नाय गं. जेवायची सुट्टी झालीय. बसलोय."

गिऱ्हाईक काउंटरवर बोटं वाजवत होतं. मालकांनी माझ्याकडं बघितलं, मग फ्रेम माझ्या हातातून घेऊन स्वतःच स्क्रू बसवू लागले. मी दाराशी आले. मग मी समोर जे दिसत होतं ते सांगत गेले. रिक्षा आडवी लागलीय, मागं सगळे हॉर्न वाजवायलेत, पेरूवाल्याच्या गाड्यावर गर्दी आहे, ऊन आज जरा कमी आहे.

"अजून सांग," ते म्हणाले.