आमटीशेजारचं दही

मीठ घालताना तो हात थेट डोक्याच्या वर न्यायचा. तिथून तीन बोटांच्या चिमटीतून मीठ सोडायचा, आणि ते पातेल्यावर बर्फासारखं भुरभुरत यायचं. मग तळहात झटकून, आम्हा बघ्यांकडे न बघता म्हणायचा, "चाखायचं काय त्यात? हाताला कळतं."

तुम्ही तिथे असतात तर टाळ्या वाजवल्या असत्या. आम्ही वाजवायचो.

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या एका बिझनेस पार्कमध्ये माझं ऑफिस, आणि तिथल्या कॅन्टीनचा तो शेफ. सोमवार ते शुक्रवार जॅकेट पोटॅटो, लझान्या आणि पाकिटातलं सूप. सगळं कंपनीने ठरवून दिलेल्या मापाचं. "इथे मी शेफ नाही ताई, वजनकाटा आहे," असं म्हणायचा. त्याचं खरं राज्य म्हणजे आमच्या मराठी मंडळाचा स्वयंपाक. गणपतीला आणि होळीला पुरणपोळी अन् कटाची आमटी, पहाटेपासून एकट्याने, आणि एक पेनी न घेता. वडील कोकणात पूजेचा स्वयंपाक करणारे आचारी. नैवेद्य दाखवायच्या आधी अन्न चाखून उष्टं करायचं नाही, ही त्यांची शिकवण त्याने हॅम्पशायरपर्यंत जशीच्या तशी आणली होती.

आमची ओळख मात्र देवासमोर झाली नाही. कॅन्टीनमागच्या कचरापेट्यांजवळ सिगारेट ओढणाऱ्यांसाठी एक पत्र्याची शेड होती, तिथे झाली. मंडळात आवाज लावून अथर्वशीर्ष म्हणणारी बाई तिथे कोपऱ्यात उभी राहून धूर सोडते, हे अख्ख्या मंडळात फक्त त्यालाच माहीत होतं.

"काळजी करू नका ताई," तो म्हणाला होता, "तुमचं गुपित माझ्याकडे व्हॅक्यूम पॅक आहे."

त्याचं सिगारेट ओढणं बघण्यासारखं असायचं. किचनचा नियम असा, की बाहेर जाताना ॲप्रन आणि जॅकेट उतरवायचं, परत येताना हात धुऊन पुन्हा चढवायचं. एवढी उठाठेव करून तो यायचा, दुधाचा रिकामा क्रेट उलटा घालायचा आणि त्यावर असा बसायचा, जणू आता कुणी तरी कीर्तन सुरू करणार आहे.

"ही सिगारेट नाही ताई, ही खुर्ची आहे. अख्ख्या दिवसात एवढंच बसणं."

आता तुम्हाला एक आतली गोष्ट सांगते. त्याची आमटी खारट असायची. म्हणजे जराशी नव्हे. पहिल्या घासाला आमचे डोळे आपोआप मिटायचे, आणि किचनच्या खिडकीतून बघणाऱ्या त्याला वाटायचं, काय ही तृप्ती! सांगणार कोण? पहाटे उठून फुकट राबणाऱ्या माणसाला "आमटी खारट आहे" असं तोंडावर सांगायचं धाडस एरवी नाटकाचा पडदा पडायच्या आत परीक्षण करणाऱ्या आमच्या लोकांनाही झालं नाही. एकदा कुणी तरी पिशवीतून दह्याचा डबा आणला आणि हळूच वाटीत एक चमचा सोडला. पुढच्या वेळी चौघांनी आणला. मग मंडळाच्या ग्रुपवर मेसेजच यायला लागला, 'येताना प्रत्येकाने दही आणावे.'

"एवढं दही?" त्याने पहिल्यांदा विचारलं तेव्हा आमच्या अध्यक्ष वहिनी म्हणाल्या, "अहो शेफ, ऊन केवढं आहे!"

सप्टेंबर महिना. बाहेर हॉलच्या दारात रेनकोट निथळत होते.

पण त्याने मान डोलावली. पुढे पुढे तर तो स्वतःच दह्यासाठी वेगळं टेबल मांडायला लागला, घरून पांढरंशुभ्र इस्त्रीचं कापड आणून. नवीन आलेल्यांना कौतुकाने सांगायचा, "हे आपल्या मंडळाचं वैशिष्ट्य बरं का!" आणि आम्ही सगळे एकमेकांची नजर चुकवून दही वाढून घ्यायचो.

मग आमच्या पार्कमध्ये सिगारेटला बंदी आली. शेड काढली. व्हेप, म्हणजे बॅटरीवरची वाफेची सिगारेट, मात्र चालेल, म्हणून आम्ही दोघे एकाच दुकानात जाऊन व्हेप घेऊन आलो. मी आंबा घेतला. त्याने साधा तंबाखूच्या चवीचा. "कांदा चिरणाऱ्याच्या अंगाला स्ट्रॉबेरीचा वास शोभत नाही," असं त्याचं म्हणणं.

यंत्र एकच, पण दोघांच्या नोकरीत त्याने दोन वेगळे तमाशे केले. माझं काम आता बहुतेक घरून. पूर्वी सिगारेट ओढायला कोट घालून बाहेर पडावं लागायचं, आणि ती संपली की मी थांबायचे. हे कीबोर्डशेजारीच पडून, आणि संपायचं नावच घेत नाही. मीटिंग सुरू, कॅमेरा बंद, आणि मी आंब्याच्या बागेत. त्याचं बरोबर उलटं झालं. राख नाही, वास नाही, मग जॅकेट कशाला उतरवतोस, असं मॅनेजर म्हणाला. दारात उभं राहून दोन झुरके घ्यायचे आणि परत लझान्या.

"सिगारेट सुटली ताई," तो म्हणाला, "पण खुर्ची गेली."

काही आठवड्यांनी तो माझ्या टेबलाशी आला. मी त्या दिवशी ऑफिसात होते, समोर टोमॅटोचं सूप.

"ताई, कंपनीने सूप बदललंय का? फार खारट लागतंय."

मी चाखलं. "तेच आहे की."

"चहासुद्धा गोड लागतो हल्ली. अर्धीच साखर घालतो."

"अहो शेफ, सिगारेट सुटली आणि तुमची जीभ परत आली!" मी अख्ख्या कॅन्टीनला ऐकू जाईल एवढ्याने ओरडले. केवढा आनंद झाला मला! जीभ परत आल्यावर ती पुढे कुठे कुठे जाणार, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही.

गणपती आले. त्याने नेहमीसारखा हात उंच नेला, मीठ भुरभुरलं, टाळ्या पडल्या. नैवेद्य, आरती, पंगत. तो नेहमी सगळ्यात शेवटी, किचनमध्ये ओट्याशी उभ्यानेच जेवायचा. मी पोळ्या न्यायला आत गेले तेव्हा त्याने पहिला भुरका घेतला होता.

तो थांबला. दुसरा भुरका घेतला, अगदी लहान, तपासणीचा. मग वाढपाच्या खिडकीतून बाहेर बघत राहिला. बाहेर कवायत चालल्यासारखी एकेक माणूस आमटी घेत होता, दोन पावलं सरकून दही घेत होता आणि कालवत होता. लहान मुलंसुद्धा.

"ताई, कधीपासून?"

"काय कधीपासून?" मी मंडळाच्या नाटकांत कामं करते. इतका वाईट अभिनय आयुष्यात केला नव्हता.

"दही."

तेवढ्यात अध्यक्ष वहिनींनी खिडकीतून डोकं आत घातलं. "शेफ! आमटी म्हणजे फर्स्ट क्लास हं!" वरच्या ओठावर दह्याची पांढरी मिशी.

त्याने हात जोडले. त्याचे कान लाल झाले होते. वहिनी गेल्यावर माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "मी त्या टेबलावर कापड घालायचो, ताई. इस्त्री करून."

बाहेर माइकवरून आभार सुरू झाले. शेफना बोलवा, शेफना बोलवा. त्याला आणायला मलाच पाठवलं. तो पातेलं घासत होता, तळ केव्हाच लखलखीत झाला होता तरी.

"नको. सगळ्यांना माहीत आणि मलाच नाही, असा इतकी वर्षं तिथे उभा राहून टाळ्या घेतल्या. आता माहीत असून कसा उभा राहू?"

त्याची तब्येत बरी नाही, असं मी बाहेर जाऊन सांगितलं. लोक हळहळले आणि दही वाढून घेऊन जेवायला लागले.

होळी जवळ आली तेव्हा मंडळाने त्याला विचारलं. त्याने नाही म्हणून सांगितलं. मी कचरापेट्यांजवळ त्याला गाठलं. क्रेट नव्हता, त्यामुळे दोघेही उभे.

"हाताला काही कळत नाही ताई. कधीच कळत नव्हतं." मग माझ्या पर्सकडे बघत, "पर्समध्ये एखादी आहे ना तुमच्या?"

होती. अडीअडचणीला म्हणून एक ठेवलेली असते.

"पुन्हा ओढायला लागलो की जीभ झोपेल. मग मीठही बरोबर लागेल आणि तुमचं कौतुकही."

मी ती काढून त्याच्या हातावर ठेवली. उपदेश करायला माझ्या तोंडात आंब्याचा धूर होता. एवढंच म्हणाले, "शेफ, आम्हाला तुमचं मन मोडायचं नव्हतं हो."

"मन नाही मोडलं. लाज वाटते नुसती." त्याने सिगारेट नाकाशी नेली, बोटांत फिरवली, बराच वेळ. मग माझी पर्स उघडून स्वतःच आत ठेवली. "होळीला किती माणसं आहेत?"

त्या होळीला तो आला. नैवेद्याची वाटी आधी वेगळी काढून झाकली. बाकीच्या आमटीत मीठ घालताना हात पातेल्याला टेकेल इतका खाली होता. मग पळीतून तळहातावर थेंब घेऊन चाखलं. पुन्हा मीठ, पुन्हा थेंब. यात बघण्यासारखं काहीच नव्हतं, त्यामुळे कुणी जमलं नाही, टाळ्या पडल्या नाहीत. मी मात्र बघत होते.

काय आमटी होती ती! चिंच, गूळ, काळा मसाला, पुरणाचा मंद गोडवा. इतकी वर्षं हे सगळे मिठाखाली दबून बसले होते, आणि आज एकेक जण पुढे येऊन नमस्कार करून गेला.

बाहेर रांग सरकली. आमटी, दोन पावलं, दही. चाखायच्या आधीच. सवयच ती.

"आज जरा अळणी झालीय का हो?" अध्यक्ष वहिनी म्हणाल्या. शेजारच्या चौघांनी माना हलवल्या.

मी दचकून किचनकडे बघितलं. त्याने ऐकलं होतं. क्षणभर वाटलं, संपलं. पण तो खिडकीची कड धरून, गणपतीनंतर पहिल्यांदाच, हसत होता.

"माझी सवय सुटली ताई, यांची राहिली." आणि मिठाची एक वाटी नेऊन त्याने दह्याशेजारी ठेवली.

पुढे तो मुलीकडे मँचेस्टरला गेला. तिथल्या एका हॉस्पिटलच्या किचनमध्ये आहे, बसायला स्टूल मिळालंय, असं एकदा त्याने फोनवर सांगितलं.

आता मंडळाचं जेवण केटररकडून येतं. गुळमट, बेताचं. तरी मेसेज जातोच, 'येताना प्रत्येकाने दही आणावे.' परवा पुण्याहून नव्याने आलेल्या एका जोडप्याने विचारलं, आमटीत दही कशाला? अध्यक्ष वहिनी म्हणाल्या, "ही आपल्या मंडळाची परंपरा आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

टेबल अजून मांडतात. त्यावर कापड मात्र कुणी घालत नाही.