बादलीवाला फौजी

फौजीन मावशी कोणाच्या दारात उभी राहून भांडत नसे. सरळ आत यायची, पिढा ओढायची, पाणी मागून प्यायची आणि मग भांडण काढायची. "उभ्यानं भांडलं त कंबर दुखते," म्हणायची. तिच्या नि आमच्या घरात एक मातीची भिंत होती, त्यामुळे तिची सगळी भांडणं मी ऐकली आहेत. मी चारचौघांत बोलताना जमिनीकडे पाहते. ती समोरच्याच्या कपाळाकडे पाहायची.

तिचा नवरा एकाहत्तरच्या लढाईत गेला. मूलबाळ नव्हतं. सासरचे म्हणाले, माहेरी जा. ती नवऱ्याच्या वाट्याच्या धानाच्या बांधीत उतरली आणि रोवणीला लागली. "तो गेला, मी कायले जाऊ?" तेव्हापासून गावाने तिला फौजीन म्हटलं.

कोणी नवऱ्याचं शौर्य सांगायला लागलं की ती मधेच तोडायची. "लंगरी होता तो. फौजेत भात शिजवे. असा मोकळा करे का मलेच लाज वाटे." त्याच्या पलटणीतला एक जण पुढे कधी तरी कामठ्याच्या बाजाराला आला होता, तो विचारत विचारत तिच्या घरी पोचला. त्याने सांगितलं, पुढचे जवान उपाशी होते, गोळ्या चालू होत्या, आणि हा डाळीची बादली घेऊन निघाला. पोचला नाही. मावशी हे सांगताना रडत नसे. तिचा आवाज उलट चढायचा.

मग गावात स्मारक करायचं ठरलं. चौकात खांब उभा राहिला, त्यावर त्याचं नाव कोरलं. मागच्या भिंतीवर चित्र काढायला वडश्याकडचा पेंटर आणला. तो झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवणारा. त्याने पडद्यावर काढायचा तसाच फौजी काढला: मागे बर्फाचे डोंगर, ओठांवर पिळदार मिशी, हातात बंदूक.

मावशी भिंतीसमोर बसली. "हा कोण होय?"

"तुमचे मालक, मावशी."

"माह्या मालकाले मिशी नव्हती. अन् हाती बंदूक काऊन देऊन राहिला? बादली दे."

पेंटर हसला. "बादली दिली त हॉटेलातला पोऱ्या दिसन ना!"

"दिसू दे. तुह्या बंदूकवाल्यानं सकाळपासून काय खाल्लं, ते इचार त्याले."

सरपंच धावत आले. उद्घाटनाला मोठे पाहुणे येऊन राहिले आणि आपण भिंतीवर आचारी दाखवायचा, ही गावाची इज्जत का, असं म्हणाले. मावशीने त्यांनाही खाली बसायला सांगितलं. ते बसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तिने माझं दार वाजवलं. "छुई कालव." आमच्याकडे सणाला घरं पोततात ती पांढरी माती. मी कालवून दिली, तिने पोतेरं बुडवलं आणि फौजीची मिशी व बंदूक पोतून टाकली. गाव जागं झालं तेव्हा तो फौजी रिकाम्या हाताने उभा होता. पेंटरने बंदूक पुन्हा काढली, हिने पुन्हा पोतली. सरपंच म्हणाले, "सरकारी भिंत आहे. केस होईल."

"कर ना केस. ठाण्यात सांगजो, बुढीनं आपलं घर पोतलं. माह्या माणसाचं नाव जेथं कोरलं, ते माहं घर."

शेवटी पेंटरच थकला. खाली बसून म्हणाला, "बरं, बादली काढतो. पण मावशी, ते चालत कसे, ते त सांगा."

तिच्याजवळ एकच फोटो होता, तोही मानेपर्यंतचा. मग ती उठली. माझी छुईची बादली तिने डाव्या हातात घेतली आणि चौकातून चालू लागली: डावा खांदा पडलेला, उजवा हात बाजूला पसरलेला, डोळे पायांकडे नाही तर पुढे, कोणीतरी तिकडे वाट पाहत असल्यासारखे. "असा. सांडू देत नसे," ती म्हणाली. पेंटरने तिला परत चालायला लावलं. ती चालली.

पाहुणे आले, भाषणं झाली. एका पाहुण्याने हिंदीत विचारलं, "इसके हाथ में क्या है?" मावशी सगळ्यांच्या आधी बोलली, "दाल है, साहब. गरम है."

गेल्या पौषात ती गेली. तिचा एकही फोटो कोणाकडे निघाला नाही. पण भिंतीवरचा फौजी पाहिला की बाया म्हणतात, चाल तर फौजीनचीच आहे.

यंदा रंगाचे पापुद्रे सुटले. नवे सरपंच दुसरा पेंटर घेऊन आले. "बुढी आता नाही. आता तरी बंदूक देऊन टाकू," म्हणाले. चौकात बरीच माणसं होती.

"नाई," मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी सरपंचांच्या कपाळाकडे पाहिलं. "रंग द्या. पण बादलीले हात लावाचा असन, त पहिले मले हटवा."

आणि मी जाऊन भिंतीला पाठ लावून उभी राहिले. पेंटरने शिडी उचलली, दुसऱ्या टोकाला नेली आणि डोंगरावरचं बर्फ रंगवायला घेतलं.