चिंगळीची ढास आणि माझी शेगडी

"फेलाइन आस्थमा," डॉक्टर म्हणाल्या आणि मी ह्यांच्याकडे बघितलं. हे माझ्याकडेच बघत होते. टेबलावर आमची चिंगळी पाय पोटाखाली घेऊन शांत बसली होती. एक्स-रे दुसऱ्याच कुणाचा काढला असावा असा तिचा चेहरा.

फेलाइन म्हणजे मांजराचा आणि आस्थमा म्हणजे दमा. दमा माणसांना होतो एवढं मला ठाऊक, माझ्या सासऱ्यांना होता. पण मांजराला? डॉक्टरांनी स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं. ह्या बारीक गोल रिंगा दिसतायत ना, त्या ब्रॉन्काय, म्हणजे फुफ्फुसातल्या श्वासाच्या नळ्या. त्या आतून सुजल्यात, म्हणून हवा अडते. मला नुसतं पांढरं पांढरं दिसत होतं. मी आपली मान हलवली.

पुढे त्या म्हणाल्या, "पण काकू, मी शंभर टक्के सांगू शकत नाही. ह्याची एकच अशी टेस्ट नसते." चिंगळी तेरा वर्षांची आहे. ह्या वयात हृदयाचं दुखणं असू शकतं, फुफ्फुसात जंत असू शकतात, गाठसुद्धा असू शकते. एकेक गोष्ट बाजूला सारत जायचं, मग जे उरेल ते. म्हणजे दमा आहे की नाही? मी दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, बहुतेक आहे. बहुतेक म्हणजे काय, सांगा बघू.

मग त्यांनी घराची चौकशी केली. धूळ, पावडर, अगरबत्ती, कुणी विडी-सिगरेट ओढतं का, चूल पेटते का, घरात धूर होतो का. मी ताबडतोब सांगितलं, अजिबात नाही. स्वयंपाक गॅसवर, अंघोळीचं पाणी गीझरचं, ह्यांनी जन्मात विडीला हात लावलेला नाही आणि अगरबत्तीने मलाच शिंका येतात. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, धूर नाही. ते उत्तर मी दिलं होतं आणि ते मला अजून टोचतं.

आता जरा मागे जाते. मी सुलभा. रत्नागिरीत बाळ-बाळंतिणींना अंघोळ घालते, तीस वर्षं झाली. ज्यांना मी पायांवर घेऊन न्हाऊ घातलं, त्यांच्या मुलांना आता घालते. सगळ्या मला सुलूमावशी म्हणतात. मूल का रडतं, पोट का धरतं, नाक का वाजतं, मला विचारायचं आणि मी सांगायचं. उत्तर माझ्याकडे नाही असं सहसा होत नाही. निदान मला तसं वाटायचं.

आमचे हे बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे. तेरा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी जेटीवरून आले ते खिशात हे पिल्लू घालून. चिंगळासारखं, म्हणजे बारक्या कोळंबीसारखं एवढंसं, म्हणून चिंगळी. आम्हाला मूल नाही. मी हे मोठेपणाने सांगत नाही आणि रडगाणंही गात नाही, पण लोकांची मुलं न्हाऊ घालून घरी आले की दारात कुणीतरी शेपटी वर करून उभं असायचं. मी तिला मेली म्हणायचे, नि हे तिला लाडाने बाय म्हणायचे. हे माझ्याशी दिवसात बोलत नसतील इतकं तिच्याशी बोलतात.

खोकला दिवाळीनंतर सुरू झाला. खोकला म्हणजे तरी काय! ती जमिनीला टेकून बसायची, मान लांब पुढे काढायची आणि ढास लागल्यासारखं करायची. शेवटी ओकारी काढल्यासारखं करायची, पण पडायचं काहीच नाही. मी निदान केलं, घशात काटा अडकलाय. आमच्याकडे काटा अडकला की कोरड्या भाताचा मुटका न चावता गिळायचा. मी तिला भाताचे लहान लहान मुटके चारले. तिने ते खाल्ले, जरा वेळाने आणखी मागितले आणि मग पुन्हा ढास लागली.

मग मी म्हटलं, केस अडकलेत. शेजारणीने सांगितलं म्हणून थोडं तूप चाटवलं. त्याने तिचं पोट बिघडलं. शेवटी मी हुकमी उपाय काढला, तो म्हणजे धुरी.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. बाळाची अंघोळ झाली की शेगडीत करवंटीचे निखारे घ्यायचे, त्यावर ओवा, वावडिंग आणि लसणीची सालं टाकायची, आणि बाळाला वरून धरून शेक द्यायचा. डोकं कोरडं होतं, सर्दी धरत नाही. माझ्या आईने दिली, तिच्या आईने दिली. रोज संध्याकाळी मी चिंगळीला पंच्यात गुंडाळून शेगडीपाशी घेऊन बसायला लागले. ती धडपडायची. मुलंही धडपडतात. नंतर ती जास्तच खोकायची. मी ह्यांना सांगायचे, कफ सुटतोय.

दीड महिना असा गेला. तिचं अंग उतरलं. मी आले की ती दारात येईनाशी झाली, ह्यांच्या खाटेखाली जाऊन बसायची. म्हटलं रुसली आहे. म्हातारपणी माणसंही विक्षिप्त होतात. एका दुपारी हे पिशवी घेऊन आले, चिंगळीला आत ठेवलं आणि म्हणाले, चल. तसे आम्ही त्या दवाखान्यात पोचलो, तिथे बाकावर दोन कुत्रे, एक पोपट आणि एक बकरी ह्यांच्यामध्ये तासभर बसलो आणि तो एक्स-रे निघाला.

डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन नावाच्या गोळ्या दिल्या. ते स्टिरॉइड, म्हणजे सूज उतरवणारं औषध. जंतांचंही औषध दिलं, रक्त तपासायला घेतलं. आणि एक काम सांगितलं, ढास लागली की लिहून ठेवायचं. ते काम ह्यांनी घेतलं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, प्रत्येक तारखेच्या चौकोनात, ढास लागली की एक रेघ.

आणि मी काय केलं? दमा म्हटल्यावर धुरी दिवसातून दोनदा केली.

त्या दिवसांतला गोंधळ मला नीट सांगताही येणार नाही. गोळीने एक दिवस बरं वाटायचं, दुसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा वाईट. रक्त चांगलं आलं. हृदयाचा आवाज चांगला होता. जंतांच्या औषधाने फरक नाही. फोनवर डॉक्टर म्हणायच्या गोळी वाढवूया, मग म्हणायच्या नको, थांबूया. घरी येणारा प्रत्येक जण नवीन काहीतरी सांगायचा. एका बाईने तर सांगितलं, मांजराला नजर लागली आहे. मी काढलीसुद्धा दृष्ट, मीठ-मोहऱ्या निखाऱ्यावर टाकून. पुन्हा निखारेच.

मध्येच मला हेदवीला जावं लागलं, धाकट्या बहिणीच्या लेकीचं बाळंतपण होतं. चार दिवस राहिले. परत आले त्या संध्याकाळी शेगडी पेटवली आणि चिंगळीला घेऊन बसले. पाच मिनिटं झाली असतील. तिने तोंड उघडलं आणि कुत्र्यासारखी तोंडाने श्वास घ्यायला लागली. पोट आतबाहेर होत होतं. हिरड्या निळसर झाल्या. तिने माझ्याकडे बघितलं. मी तीस वर्षं श्वास कोंडलेली मुलं उलटी धरून पाठीवर थापटून रडवलेली बाई, पण माझे हात हलेनात. हे धावत आले, तिला उचललं आणि शेजाऱ्याच्या रिक्षात बसून निघाले. मी अनवाणी मागच्या सीटवर चढले.

दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं. ती एका काचेच्या पेटीत निजली होती आणि मी काचेला हात लावून उभी होते. डॉक्टर म्हणाल्या, ती स्थिरावली आहे, पण असा दुसरा अटॅक तिला झेपणार नाही. औषधाने फरक का पडत नाही ते मला कळत नाहीये. उद्या कोल्हापूरला हलवायचं का, ते ठरवूया. मग त्यांनी ह्यांच्याकडे रेघांचं विचारलं. ह्यांनी भिंतीवरून कॅलेंडरच काढून आणलं होतं. निघताना त्यांना हे कसं सुचलं देव जाणे.

डॉक्टरांचं बोट तारखांवरून सरकत गेलं. कुठे चार रेघा, कुठे सात. आणि मध्ये चार चौकोन कोरे.

"ह्या चार दिवसांत काय वेगळं होतं, काका?"

ह्यांनी तारखा बघितल्या. "ही घरात नव्हती," म्हणाले.

माझा संताप झाला. एवढी वर्षं संसार केला तो हे ऐकायला? म्हणजे काय, मांजराला माझी ॲलर्जी? मी तिचं इतकं करते, हे नुसत्या रेघा मारत बसतात! मी बोलत सुटले. डॉक्टरांनी मला बोलू दिलं, मग विचारलं की मी घरी आल्यावर तिचं काय काय करते. मी सांगितलं, माशाचे काटे काढून भात कालवते, गोळी देते, अंग विंचरते, धुरी देते. त्यांनी लगेच विचारलं, कसली धुरी? मी सगळं सांगितलं, अगदी अभिमानाने, करवंटीपासून लसणीच्या सालांपर्यंत. किती वेळ? दहा-पंधरा मिनिटं. पंच्याखाली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "काकू, पहिल्या दिवशी मी धुराचं विचारलं होतं."

"तो धूर नाही, औषध आहे ते," मी म्हणाले. आणि म्हणता म्हणता माझाच आवाज बारीक झाला.

खरं सांगते, मी खोटं बोलले नव्हते. चुलीचा तो धूर, विडीचा तो धूर. माझ्या शेगडीचा मी त्यात कधी धरलाच नाही. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त कागदावरचं 'धूर नाही' खोडलं.

कोल्हापूर टळलं. शेगडी मी दुसऱ्या दिवशी परसात नेऊन उपडी ठेवली. गोळ्या कमी करत आणल्या आणि आता इनहेलर आहे, म्हणजे फवाऱ्याचं औषध. ते स्पेसर नावाच्या नळीतून देतात, पुढे लहान मुलांचा मास्क. चिंगळी मास्क जवळ येऊ देईना, तेव्हा ह्यांनी त्याच्या कडेला सुकट चोळली. आता तीच नाक आत घालते. तिचे दहा श्वास होईपर्यंत हे मोठ्याने मोजतात. कॅलेंडरवर आठवड्याला एखादी रेघ येते. बरी झाली असं डॉक्टर म्हणत नाहीत, आटोक्यात आहे म्हणतात. मीही आता तेवढंच म्हणते.

तुमच्या घरी म्हातारं मांजर असेल आणि ते मान लांबवून असं करत असेल, तर मुटके चारू नका. मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढा आणि डॉक्टरांना दाखवा. रेघा मारा. आणि ते विचारतील तेव्हा घरातलं सगळं सांगा, जे चांगलंच आहे असं तुम्हाला वाटतं तेही. तेच आधी सांगा.

पण माझा खरा गोंधळ तिथे संपला नाही. इतक्या मुलांना मी धुरी दिली. त्यांतली कितीतरी नंतर खोकायची आणि त्यांच्या आयांना मी सांगायचे, कफ सुटतोय. त्या माझ्यावर विश्वास ठेवायच्या. आता ती सगळी घोड्यासारखी धडधाकट आहेत, हे मी स्वतःला सांगते. सगळी आहेत का, ते मला ठाऊक नाही.

मागच्या आठवड्यात एका घरी बावीस दिवसांच्या मुलीला अंघोळ घातली. पुसून मांडीवर घेतली, तोवर तिच्या आजीने नेहमीसारखी निखाऱ्यांची शेगडी आणून पुढ्यात ठेवली. मी ती पायाने लांब सरकवली.

"काय गो सुलू, धुरी नाही देणार? पोरीला सर्दी होईल ना!"

तीस वर्षांत त्या घरात मी कधी न म्हटलेलं वाक्य माझ्या तोंडून आलं. "काकी, मला माहीत नाही. डॉक्टरांना विचारा."

आजीने शेगडी उचलून आत नेली. दुसऱ्या दिवशी बोलावणं येईल की नाही ह्याचा विचार करतच मी घरी आले. पायरीवर चपला काढल्या. चिंगळी खाटेखालून बाहेर आली, माझा पदर हुंगला, मग हात हुंगले. हातांना नुसता खोबरेल तेलाचा वास होता. तिने दोन बोटं चाटली आणि कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा माझ्या मांडीवर चढून बसली.

मी तिला मेली म्हटलं नाही. बाय म्हटलं.