हर्निया नसलेलं पोट

आमच्या स्टाफरूममध्ये मे महिना हा ऑपरेशनांचा महिना असतो. पित्ताशयातले खडे, मोतीबिंदू, गर्भाशय, जे काही काढायचं किंवा बसवायचं असेल ते सगळ्या बाया सुट्टीवर ढकलतात, म्हणजे रजा वाचते. मी नवीन पनवेलमधल्या एका शाळेत गणित शिकवते. त्या वर्षी मीही मे महिन्यातली तारीख घेतली. फरक इतकाच की माझ्या शरीरात काढून टाकावं असं आजारी काही नव्हतं.

दोन वर्षांत मी बत्तीस किलो वजन कमी केलं होतं. साखरेचा रिपोर्ट बघून घाबरले, आणि घाबरलेला माणूस फार शिस्तीत जेवतो. वजन गेलं, कातडी राहिली. बसले की पोटावरची कातडी रिकाम्या पिशवीसारखी मांड्यांवर येऊन टेकायची. तिच्याखाली घाम साचायचा, खाज सुटायची. लोक म्हणायचे, "काय मस्त बारीक झालीस," आणि मी पदर सारखा करायची. खाजेला मलम होतं, त्यामुळे खाजेचं निमित्त मी स्वतःला फार दिवस देऊ शकले नाही. मला ती कातडी बघवत नव्हती, म्हणून ती नको होती. एवढं साधं वाक्य मला नवरा सोडून कुणापुढेही बोलता आलं नाही. नवरा म्हणाला, "तुला हवंय ना, मग कर." तो बंदरात नोकरीला आहे, मोजकं बोलतो.

आधी हायवेजवळच्या एका चकचकीत क्लिनिकमध्ये गेले. तिथल्या मुलीने आधीचे आणि नंतरचे असे पोटांचे फोटो दाखवले. एकाही पोटाला चेहरा नव्हता. डॉक्टर भेटायच्या आतच ती मला तारीख द्यायला निघाली होती, म्हणून मी उठले. दुसरे सर्जन जुन्या पनवेलमध्ये, एका औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर बसायचे. त्यांनी मला उभं केलं, कातडी चिमटीत धरली आणि पेनाने कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत रेघ ओढली. म्हणाले, "हा व्रण जाणार नाही. साडीखाली लोकांपासून लपेल, तुमच्यापासून नाही लपणार." मला माणूस आवडला. मग त्यांनी विचारलं, "कुणी सुचवलं म्हणून करताय का?" मी नाही म्हणाले. "वजन सहा महिने स्थिर आहे?" मी पर्समधून वही काढून दर रविवारचे आकडे दाखवले. त्यांनी मला झोपवून खोकायला लावलं, बेंबीच्या आजूबाजूला दाबून पाहिलं आणि म्हणाले, "हर्निया नाही."

नेमका तोच शब्द मी घरी घेऊन आले.

घरी सासूबाई होत्या. उरणकडच्या कोळीवाड्यात उभा जन्म गेलेल्या, तीस वर्षं डोक्यावर मासळीची पाटी वाहिलेल्या, आता गुडघ्यांमुळे आमच्याकडे राहायला आलेल्या. ऑपरेशननंतर महिनाभर मला वजन उचलायची बंदी, म्हणजे घर त्यांच्याच भरवशावर. त्यांना काहीतरी सांगणं भाग होतं. "आई, मला हर्निया झालाय," मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

एका खोट्यामागे पुढची गणितं आलीच. माझ्या सासरी कुणाचं ऑपरेशन झालं की पंधरा-वीस बायका बघायला येतात. त्यांचा पहिला प्रश्न असतो, "टाके किती?" आणि दुसरा, "बघू?" हर्नियाचा छेद असतो वीतभर, माझा असणार होता कमरेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. डॉक्टर शिकाऊ होता असं सांगायचं मी ठरवलं होतं. त्या बिचाऱ्या भल्या माणसाची बदनामी करायचीही माझी तयारी झाली होती, यावरून मी किती घाबरले होते ते कळेल.

बाकीची तयारी मी परीक्षेसारखी केली. रक्त तपासलं, ईसीजी काढला. लसणाच्या गोळ्या आणि सकाळचा काढा डॉक्टरांनी बंद करायला सांगितला होता, कारण त्याने रक्त जास्त वाहू शकतं. दोन्ही बंद केलं. कुशीवर वळून, पोटाला ताण न देता पलंगावरून उठायचा सराव केला. रोजचे डबे वरच्या फळीवरून ओट्यावर आणले. नंतर घालायचा पोटाचा पट्टा मागवला. एका दुपारी तो घालून बघत होते आणि दार लोटलेलं होतं, तेवढ्यात सासूबाई आत आल्या.

त्यांनी पट्ट्याला हात लावून पाहिला. "बरा हाय," म्हणाल्या. "माजा फाटला."

मला कळेना. मग त्यांनी दार लावलं आणि लुगडं सैल केलं. पोटाभोवती जुन्या लुगड्याची पट्टी घट्ट गुंडाळलेली होती आणि बेंबीपाशी कापडाची घडी. घडी काढल्यावर लिंबाएवढा फुगवटा बाहेर आला. तो त्यांनी बोटांनी आत ढकलला, वाफेने फुगलेली चपाती दाबावी तसा.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तुजा नवरा शाळंत होता तवापासून. कोनाला सांगू? पोट का दाखवायची गोष्ट हाय? तुना बी तेच झालंय म्हनून बोलले." मग जवळ बसून हळूच म्हणाल्या, "तुजा लय दुखतो का गं, बाय?"

"थोडा," मी म्हणाले. मला माझी लाज वाटली. आजही वाटते.

दुसऱ्याच दिवशी त्यांना आमच्या ओळखीच्या सर्जनकडे नेलं. माझे ते सर्जन नव्हेत, हे वेगळे. त्यांनी तपासून सांगितलं, "लवकर करून टाका. आतडं अडकलं तर धावपळ करायलाही वेळ मिळणार नाही." सासूबाईंनी सरळ नकार दिला. "आदी सुनंचं होऊ दे. ती नोकरीवाली हाय, तिला सुट्टी नाय मिलनार. तिचं पोट भरून आलं की मंग माजं." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हालाही हर्निया आहे?" मी होकाराची मान हलवली. वर्गात एखाद्या पोराने चुकीच्या उत्तराला अशी मान हलवली असती तर मी त्याला उभं केलं असतं.

घरी नवऱ्याला म्हटलं, "तू सांग ना त्यांना." तो म्हणाला, "खोटं तुझं आहे, तूच सांग." रागाने मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही, कारण त्याचं बरोबर होतं.

मी आठवडा काढला. मनाशी हिशेब असा की माझं मे महिन्यात, त्यांचं जूनमध्ये. चाळीस वर्षं थांबलेलं पोट आणखी महिना थांबेल. मग एका सकाळी त्या बोंबील साफ करता करता विळी सोडून आडव्या झाल्या. फुगवटा आत जाईना, दगडासारखा झाला होता. त्यांना दोनदा उलटी झाली. रिक्षा बोलावेपर्यंत तो आपोआप आत गेला आणि त्या उठून पुन्हा विळीवर बसल्या. बोंबील अर्धे राहिले होते म्हणे.

मी त्यांच्यासमोर खालीच बसले. "आई, मला हर्निया नाही."

त्यांचा हात थांबला नाही. "मंग काय हाय?"

"कातडी आहे. लोंबते. ती कापून घ्यायचीय."

"डाक्तर बोलला, काप म्हनून?"

"नाही. मलाच नकोय."

त्यांनी उरलेले बोंबील संपवले, हात धुतले आणि म्हणाल्या, "मंग माजं आदी करू." मी आरडाओरड्याची तयारी करून बसले होते. चार शिव्या मिळाल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं.

मी माझी तारीख रद्द केली. मे महिना त्यांचा झाला, माझी पाळी दिवाळीच्या सुट्टीवर गेली. त्यांचं ऑपरेशन नीट पार पडलं. तिसऱ्या दिवशी नणंद आणि कोळीवाड्यातल्या चार बायका दवाखान्यात आल्या. पलंगाभोवती बसून मोसंब्या सोलत होत्या. नणंदेने मला विचारलं, "आणि वहिनी, तुजं हर्नियाचं कवा?"

आणि मी, सासूबाईंना सगळं सांगून झालेलं असतानाही, म्हणाले, "दिवाळीत बघू. फार मोठा नाहीये."

"तिना हर्निया नाय," पलंगावरून सासूबाई म्हणाल्या. "तिना तिचं पोट आवडत नाय. लोंबतंय, ते कापून घेनार हाय."

आधी नणंद हसली, पाठोपाठ बाकीच्या हसल्या. आणि सासूबाईसुद्धा, टाक्यांवर हात दाबून, कण्हत हसल्या. मला भयंकर राग आला. हातातली मोसंबी तशीच टाकून मी म्हणाले, "यासाठीच मी कुणाला सांगत नव्हते."

"मंग हसनार नाय तर काय करनार?" त्या म्हणाल्या. "मी चालीस वरसं कोनी हसंल म्हनून पट्टी बांदली. काय मिलवलं? हसू दे त्यांना. हसून झालं की याच येतील, तुजी भांडी घासतील." मग नणंदेकडे वळल्या. "हसलीस ना? आता दिवालीत आठ दिस इच्याकडं यायचंस. मना वाकायला नाय होनार."

नणंद डोळे पुसत म्हणाली, "येते की. तारीख सांग."

मी तारीख सांगितली. ऑपरेशन कसलं, तेही पहिल्यांदाच चारचौघींत माझ्या तोंडाने सांगितलं.