नावाची पट्टी

माझ्या आतेभावाने, शेखरने, हॉलंडहून आणलेलं एक चित्र त्याच्या दिवाणखान्यात लावलंय. डचांच्या सागरी नकाशांच्या जुन्या पुस्तकाचं नक्षीदार पहिलं पान. वर जहाजं, पृथ्वीचा गोल आणि ऐटीत उभे असलेले खलाशी. खाली गुडघ्यांवर बसलेली काळीसावळी माणसं, हातांत मिरी-लवंगांच्या टोपल्या. मधोमध पुस्तकाचं नाव.

"गंमत सांगू?" शेखर म्हणाला. "ही चौकट एकदाच कोरायचे. मग फ्रेंच, इंग्रजी, ज्या भाषेत पुस्तक काढायचं, त्या भाषेतल्या नावाची पट्टी छापून मधे चिकटवायचे. काय डोकं!"

डोकं खरंच. भाषा कुठलीही असो, खालच्यांनी उठायचं कारणच नाही. नकाशात चूक निघाली तर किनारे पुन्हा काढले असतील. यांचे गुडघे कोण सरळ करणार?

"हे खालचे कोण रे?" मी विचारलं.

"असतील कुणीतरी. डेकोरेशन आहे ते."

आम्ही दोघं वेंगुर्ल्याचे. डचांची वखार आमच्याच गावात होती. मिरीचे वेल आमच्या परसातही आहेत.

मग जमलेल्या सगळ्या नातेवाइकांचा फोटो काढायचं ठरलं. चित्राखाली कामाच्या मावशी गुडघ्यांवर बसून सांडलेलं सरबत पुसत होत्या. शेखर मोबाइल उंचावत म्हणाला, "मावशी, जरा सरका ना, फोटोत येताय." त्या फडकं घेऊन तशाच, गुडघ्यांवरच सरकल्या. आम्ही ऐटीत उभे राहून हसलो.

चौकट तीच होती. पट्टी तेवढी आता मराठी होती.