आयलीचा ससा अजून भरला नाही

आयली निएमेलाने ससा आणला तो कालवणासाठी. कुणी विचारो न विचारो, ती हे सगळ्यांना सांगायची. ऑगस्टच्या जत्रेत शाळकरी पोरं आपापली पाळलेली जनावरं विकतात, तिथून अठरा डॉलर मोजून तिने अकरा पौंडांचा एक राखाडी नर उचलला. शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं काढलेली ही बाई. जनावर नुसतं बघून त्यात किती पानं उठतील हे तिला काट्याशिवाय कळायचं. सशाचं नाव तिने ठेवलं पाता. फिनिशमध्ये पाता म्हणजे पातेलं. "म्हणजे त्याचाही गैरसमज नको," ती म्हणाली.

जत्रेतून घरी येताना खाटकाचं दुकान रस्त्यातच लागतं. तिची गाडी तिथे थांबली नाही. ससा अजून अंगानं भरलेला नाही, असं तिचं म्हणणं पडलं. किविलाहतीत कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही, त्यामुळे विषय तिथेच मिटला.

किविलाहती हे सुपीरियर सरोवराच्या काठावरचं गाव. सगळ्यांचे आजे-पणजे फिनलंडहून तांब्याच्या खाणीत मजुरीला आले. खाणी बंद पडल्या, माणसं राहिली. बोलणं आधीच कमी होतं, ते आणखी कमी झालं. एखादी गोष्ट टाकाऊ असेल तर इथले लोक "वेगळं आहे" म्हणतात. अप्रतिम असेल तर "बरं आहे" म्हणतात. लग्नात, मयताला आणि निवडणुकीत एवढ्यावर भागतं.

तर ससा भरेपर्यंत त्याला ठेवायचं कुठे, हा प्रश्न आला. पशुखाद्याच्या दुकानात सशाचं तयार घर होतं, दोनशे चाळीस डॉलर. अठरा डॉलरच्या जनावराला दोनशे चाळीसचं घर, म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. आयली दुकानाच्या पुढच्या दाराने बाहेर पडली आणि मागच्या बाजूला गेली. तिथे माल ज्यावर रचून येतो ती लाकडी पॅलेटं फुकट पडलेली असतात. तिने एकेक हुंगून पाहिलं. किडीच्या औषधाचा वास आला ती सोडली, कारण ससा आपलं घर कुरतडतो. उरलेली सहा गाडीत घातली. पडक्या लाकूडखोलीचा पत्रा छपराला झाला. ओसरीवरच्या जुन्या बाकाचे पाय कापून घराला लावले. पुढच्या बाजूला कोंबड्या होत्या तेव्हाची जाळी ठोकली. खर्च झाला खिळ्यांचा, चार डॉलर.

शेजारचा उरहो लाहती बघायला आला. चौऱ्याहत्तर वर्षांचा, बिनलग्नाचा. एके काळी त्याचा मिंकांचा फार्म होता. मुंगसाएवढं, महागड्या कातड्याचं ते चावरं जनावर. ते कसं कोंडायचं यात उरहोचा जन्म गेला होता. खिशात हात घालून तो दहा मिनिटं उभा राहिला.

"वेगळं आहे," तो म्हणाला.

"काय वेगळं आहे?"

"कोंबडीची जाळी कोंबडीला आत ठेवते. रात्री चोरून येणाऱ्या रकूनला बाहेर ठेवत नाही."

"तुला कुणी विचारलं?"

"कुणीच नाही. मी निघालोच होतो."

नवव्या दिवशी सकाळी आयली चारा घेऊन गेली तर जाळी जुन्या मोज्यासारखी उसवलेली. पाता झोपायच्या मागच्या खोक्यात शेवटच्या कोपऱ्याला चिकटून बसला होता. पाठीवरचा रुपयाएवढा केसांचा पुंजका गेला होता, बाकी शाबूत. तिने त्याला उचलून कोटात घेतलं. कोटाचं बटण तिला तीनदा लावूनही लागेना, आणि याचाच तिला राग आला. घाबरली होती, दुसरं काही नाही. सहा वर्षांपूर्वी नवरा वाइनो गेला तेव्हाही तिचे हात चुकले नव्हते, कारण तेव्हा दीडशे माणसांची कॉफी करायची होती.

त्या सकाळी ती स्वतः उरहोकडे गेली. त्याच्या गोठ्यात मिंकांचे पिंजरे वीस वर्षं रचून पडले होते, अर्ध्या इंचाच्या घट्ट चौकटींच्या जाळीचे. उरहोने "मी म्हटलं होतं" असं म्हटलं नाही. पक्कड घेतली आणि पिंजरे सोडवायला लागला. इथे शेजाऱ्याकडून फुकट काही घेत नाहीत, म्हणून तिने दोन वेलदोड्याचे पाव दिले. दोघांनी मिळून जाळी वॉशर घालून स्क्रूने आवळली. घराभोवती जमिनीवरही दोन फूट जाळी अंथरली, म्हणजे खणून येणाऱ्याची नखं मोडावीत. झोपायच्या खोक्याचं तोंड बाजूला वळवलं, वारा सरळ आत जाऊ नये म्हणून. तळाला पट्ट्यांची जमीन, खाली ओढून काढायचा ट्रे, वर पेंढा.

"एवढं सगळं कालवणासाठी?" उरहोने विचारलं.

"भरायला नको का?"

नोव्हेंबरात सरोवरावरून वारा सुटला. इथला बर्फ आकाशातून पडत नाही, आडवा येतो. दोन दिवसांत सशाचं घर छपरापर्यंत गाडलं गेलं. आयलीने उकरून काढलं, तिसऱ्या दिवशी परत तेच. मग तिने पाताला घरात आणलं. संध्याकाळपर्यंत त्याने टेलिफोनची तार खाल्ली आणि चुलीच्या उबेने जीभ काढून जमिनीवर आडवा पडला. त्याच्या अंगावर हिवाळ्याची लव आली होती. रजई पांघरून भट्टीपुढे बसवल्यासारखं झालं.

तेव्हा तिला सौनेची भिंत सुचली.

सौनेच्या बाबतीत आयली कडवी होती. वाइनोने परसात बांधलेली सौना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची लाकडी खोली, ती दर शनिवारी लाकडं घालून पेटवायची. तापलेल्या दगडांवर पाणी मारायचं, वाफेत बसायचं, पाठ घासायची, आणि आठवडा धुऊन टाकायचा. ताप आला, सौना. पाठ धरली, सौना. फिनिश माणसाच्या मते उष्णतेने बरं होत नाही ते मरणानेच बरं होतं. सख्ख्या बहिणीशी तिचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं, तेही सौनेपायीच. आई गेल्यावर आईचं घर धाकट्या सायमाकडे आलं. सायमाने आईची जुनी सौना पाडली आणि त्या जागी विजेची बसवली. बटण दाबायचं की तापते. त्या जुन्या सौनेत, फिनिश रिवाजाप्रमाणे, दोघी बहिणी जन्मल्या होत्या, आणि आईला शेवटची अंघोळही तिथेच घातली होती. सायमाने कॉफीला बोलावलं तेव्हा आयलीने दारातूनच नव्या इमारतीकडे पाहिलं, "वेगळी आहे" म्हणाली आणि परत फिरली. एक मैलाचं अंतर. नऊ वर्षांत पुन्हा ते ती चालली नव्हती.

तर सशाचं घर तिने उरहोच्या मदतीने सौनेच्या दक्षिणेकडच्या भिंतीला चिकटवलं. वाऱ्याचा आडोसा झाला, आणि भिंतीच्या आतल्या अंगाला बरोबर चूल. शनिवारी भिंत तापली की पाताला आयतीच ऊब. तिला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

शनिवारी तिने सौना पेटवली, मनासारखी दोन तास बसली, लालबुंद होऊन बाहेर आली आणि सशाकडे पाहिलं. पाता आडवा पसरला होता. तोंड उघडं, कान तव्यासारखे, पोट भात्यासारखं हलत होतं. बाहेर शून्याखाली दहा होतं आणि ससा उष्माघाताने मरायला टेकला होता. अंगाला नुसता टॉवेल, तशीच तिने त्याला ओढून काढलं, गार पाण्यात फडकं बुडवून कान ओले केले, पुन्हा पुन्हा केले. "मरू नकोस," ती म्हणत होती, "मरायचं नाही, गाढवा, ऐकतोस ना." ओल्या केसांचे तिच्या कपाळावर बर्फाचे काटे झाले होते. अर्ध्या तासाने पाताने तोंड मिटलं आणि नाक हलवलं. आयली बर्फातच बसून राहिली. तिचं त्याच्यावर प्रेम बसलं होतं. हे तिला त्या क्षणी कळलं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

"ससा थंडीने मरत नाही," दुसऱ्या दिवशी उरहो म्हणाला. "गरमीने मरतो, ओलीने मरतो, झुळकेने मरतो. त्याला कोरडी, बंद, थंड जागा पाहिजे. रोज सारखीच थंड."

"अशी जागा कुठे आहे?"

उरहोने सौनेकडे पाहिलं. आयलीनेही पाहिलं. लाकडी भिंती, घट्ट दार, छोटी खिडकी, खाली पाणी जायला उतार, आणि घरापासून वीस पावलं, जी वाट ती एरवीही उकरायचीच. सगळ्या गावात सशासाठी याहून चांगलं घर नव्हतं. फक्त ते सशासाठी बांधलेलं नव्हतं.

"शनिवारी तेवढा बाहेर काढला तर?" तिने विचारलं.

"मग परत ओल्या गरम खोलीत घालशील, आणि पहाटेपर्यंत तीच खोली गोठेल. त्यापेक्षा खाटीक बरा."

"खाटकाकडे न्यायला तो भरला पाहिजे," आयली म्हणाली, आणि सौनेत जाऊन चुलीतली राख काढायला लागली.

पाता सौनेत राहायला गेला, आणि सौना पेटायची बंद झाली. उरहोच्या जाळीचं आतलं दार झालं, खालच्या बाकाखाली त्याचं खोकं आणि पेंढा. पाण्याची दोन भांडी, एक गोठलं की दुसरं. वरच्या बाकावर उडी मारून तो खिडकीतून आयलीची वाट बघायचा. चारा घालायला ती दिवसातून दोनदा जायची, मग पाचदा जायला लागली.

पण शनिवार आला की आयलीला घर खायला उठायचं. पहिल्या शनिवारी ती घरातल्या टबात बसली. आपल्याच मळात भिजत बसण्याला जे अंघोळ म्हणतात त्यांची तिला कीव आली. दुसऱ्या शनिवारी परत टब. सोमवारी पाठ धरली, मंगळवारी मान. उरहो म्हणाला, "माझी सौना आहे." चौऱ्याहत्तरचा ब्रह्मचारी आणि एकाहत्तरची विधवा, गावाला ती चर्चा मार्चपर्यंत पुरली असती. शिवाय उरहोची सौना त्यानेच बांधलेली होती, आणि ती वेगळी होती.

आता दोनच वाटा राहिल्या. एक, ससा कुणाला तरी देऊन टाकणे. जत्रेतल्या त्या शाळकरी पोरीला तिने फोनही लावला. पोरीची आई म्हणाली, "आणा की, आमच्याकडे नाताळला पाहुणे आहेतच." आयलीने फोन ठेवला. दुसरी वाट एक मैलाची होती.

तिसऱ्या शनिवारी चार वाजता तिने टॉवेल, सौनेत अंगावर मारायची वाळलेल्या बर्चच्या डहाळ्यांची जुडी आणि वेलदोड्याचा पाव घेतला. जाताना सौनेत डोकावली. "तुझ्यापायी," ती पाताला म्हणाली. पाता गवत खात होता.

सायमाने दार उघडलं. सदुसष्ट वर्षांची, आईसारखीच रुंद. बहिणीकडे, मग टॉवेलकडे पाहिलं.

"कोण गेलं?"

"कुणी नाही."

"मग?"

"माझी सौना चालू नाही."

"मोडली?"

"ससा राहतो."

सायमाने दार आणखी उघडलं. "तोच ना, कालवणाचा?"

"अजून भरला नाही."

"बरं. बूट झटकून ये."

विजेच्या सौनेत आयली दाताच्या डॉक्टरकडे बसावं तशी बसली, ताठ आणि खाली बघत. सायमाने डावभर पाणी दगडांवर मारलं. सूं करून वाफ उठली, आणि तो आवाज आयलीला ओळखीचा वाटला. तिने मान वर केली. पोलादी पेटीत रचलेल्या दगडांत मुठीएवढा एक काळा दगड होता, त्यावर तांब्याची हिरवी शीर. लहानपणी त्याच्यावर पाणी कुणी मारायचं यावरून दोघी एकमेकींच्या वेण्या ओढायच्या. त्याच्या शेजारचा तुटक्या कोपऱ्याचा, तोही तोच. सगळे तेच होते.

"हे आईचे दगड."

"मग काय सरोवरात टाकायचे होते?"

"तू बोलली नाहीस."

"तू आत आली नाहीस." सायमाने डाव बादलीत ठेवला. "ती सौना पायापासून कुजली होती, आयली. माझ्या डोक्यात पडली असती. दगड तेवढे चांगले होते. एकेक धुतला मी."

सौनेत एक सोय असते, घामात डोळे कुणाला कळत नाहीत. पण आयली रडली, चांगली रडली, आणि सायमाला कळलं.

"वळ," सायमा म्हणाली. "पाठ कर इकडे."

तिने ब्रश घेतला आणि पाठ घासायला सुरुवात केली, आई घासायची तशी, कातडं सोलून निघेल इतकी. नऊ वर्षं आयलीची पाठ दुसऱ्या कुणी घासली असेल तर ती वाइनोने, आणि गेली सहा वर्षं कुणीच नाही.

"कशी आहे सौना?" मागून सायमाने विचारलं.

आयलीने तोंडावरचा घाम टॉवेलाने पुसला.

"बरी आहे."

ब्रश क्षणभर थांबला आणि परत चालू झाला.

"ससा कधी भरेल?"

"मार्चपर्यंत तरी नाही. एप्रिलही लागेल."

"मग पुढच्या शनिवारी चारला पेटवून ठेवते," सायमा म्हणाली. पेटवण्यासारखं तिथे काही नव्हतं, एक बटण होतं. आयलीने तसं बोलून दाखवलं नाही.