शांततेचा हट्ट

पौषातल्या पहाटे ओल्या तणसाचा, भाताच्या पेंढ्याचा, वास आला की मी अजूनही चालता चालता थांबतो. माझ्या मनाला शांती मिळावी म्हणून मी माझ्या आईला घराबाहेर काढले होते. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचे वाचून तुम्ही मला उगीच साधक समजाल.

त्या वर्षांत मी सावली गावाजवळच्या एका लाकडाच्या डेपोत कारकून होतो. लिलावाचे दिवस आले की व्यापाऱ्यांचा गलका आणि साहेबांचा चढलेला स्वर माझ्याबरोबर घरी येई. जेवताना हात थरथरे, छातीत धडधड होई, झोप डोळ्यांशी येऊन परत फिरे. मार्कंड्याच्या यात्रेत एका वृद्ध वैद्याने माझी नाडी पाहिली आणि सांगितले की औषध नको. पहाटे स्वस्थ बसावे, येणारा-जाणारा श्वास नुसता पाहावा, मग हातपाय हळूहळू मोकळे करून दवातून थोडे चालावे. किती सोपे! आणि खरोखरच, पावसाळा सरेतो माझी धडधड उतरली, हात स्थिर झाले.

पण शांतता लाभू लागली तशी मला तिची हाव सुटली. भांडे वाजले की मी डोळे उघडून गिरजेकडे, माझ्या बायकोकडे, असा पाही की ती जागच्या जागी थिजे. पहाटेची चूल उशिरा पेटू लागली. मायला जुना खोकला होता, थंडीत तो पहाटेच उसळे. एकदा मी आसनावरूनच ओरडलो, "माय, थोडा दम धर ना! घडीभर शांत बसू नाई देत मले!" तिने पदर तोंडावर दाबला. त्यानंतर माझा श्वास मला नीट पाहता यावा म्हणून सारे घर आपला श्वास रोखून बसू लागले, आणि मी त्याला माझी प्रगती समजलो!

थंडी कडाडली आणि खोकला थांबला. निदान मला तसे वाटले. एके दिवशी बैठक लवकर आटोपून, हात सावकाश वर नेत, पायाखालचे दव अनुभवत मी गोठ्याच्या मागे गेलो. आतून कोंडलेला आवाज येत होता. डोकावून पाहिले. दोन बैलांच्या मध्ये तणसावर माय उकिडवी बसली होती. तोंडात पदराचा बोळा, डोळ्यांत पाणी, सारे अंग गदगदत होते. गिरजा तिची पाठ चोळत होती.

"हळू खोका माय, तिकडे आवाज जाईन."

मायने बोळा काढला. "झालं काय वं त्याचं? मंग येतो मी घरात. हे बैलबी कंटाळले मले."

तेवढ्यात तिची नजर माझ्यावर पडली, आणि तिने घाईघाईने बोळा पुन्हा तोंडात कोंबला.

मला भ्याली माझी आई! ज्या शांततेत घरच्या म्हातारीला खोकण्यापुरतीही जागा नाही, ती शांतता की नुसता दरारा? साहेबांचा जो दरारा मी डेपोत सोसत होतो, तोच मी घरात मांडला होता, वर त्याला ध्यान म्हणत होतो.

त्याच दिवशी तिला ताप भरला. तो उतरेना. तिचा श्वास घरघरत वर जाई, मध्येच अडे, आणि तो परत येईपर्यंत माझाही अडकून राही. इतके सावध, इतके एकाग्र मी आसनावर कधीच बसलो नव्हतो. पण कशासाठी ही सावधता? आता ही सावधता फार उशिरा आली असेल तर?

अखेर ताप उतरला, पण शब्द काही माझ्या तोंडातून फुटेना. आमच्याकडे मुलगा आईची माफी मागत नाही, पाय धरतो. मी अडुळशाचा काढा करून दिला, पायांना तेल चोळले, पुन्हा चोळले. गिरजेला ते पाहवेना.

"पाय काऊन चोळून राह्यले नुसते? जीभ गोठ्यात ठेवून आले का?"

"राहू दे वं," माय क्षीण हसली. "मोठा साधू हाय तो. साधू कमीच बोलते."

"साधू नाई, माय." मी तेलाची वाटी बाजूला ठेवली. "सायबाले भेत होतो मी, अन् राग तुह्यावर काढला. एवढ्या थंडीत तुले मीच बाहेर घातलं. चुकलं माहं. माफ कर मले."